वेताळवाडीवरून धरण बघायचंय ना, मग आधी उतरायची वेळ ठरवा

ताई, तुम्ही विचारलंय की जालन्याहून आठ जण एका दिवसात जाऊन येता येईल, डोंगरावर चढून खाली पाणी दिसेल अशी एखादी जागा मराठवाड्यात सांगा, सोबत ९ आणि १३ वर्षांची पोरं आहेत, सासूबाई ६२ च्या आहेत आणि त्यांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आणि नाथसागर बघून बघून कंटाळा आलाय. जागा आहे. सोयगाव तालुक्यातला वेताळवाडीचा किल्ला. पण जागेपेक्षा प्लॅन कसा करायचा यावर जास्त बोलतो, कारण वाट फार अवघड होती म्हणून कुणाचा दिवस वाया गेला असं इथं सहसा होत नाही, सगळा घोळ वेळेच्या हिशोबात असतो.

आधी जागा समजून घ्या. आपण सिल्लोडहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागतो, गोळेगावला डावीकडं वळून उंडणगाव, हळदा असं पुढं जातो. हा सगळा भाग पठाराचा आहे, रस्ता सपाट, दोन्ही बाजूला मका नाहीतर कापूस, डोंगर कुठंय असं पोरं विचारायला लागतात. कारण डोंगर वर नाही, खाली आहे. अजिंठ्याची रांग आपल्या बाजूनं हळूहळू चढत येते आणि पलीकडं खानदेशाच्या अंगाला एकदम तुटते. अलीकडं पडलेला पाऊस गोदावरीला जातो, पलीकडं पडलेला तापीला. हळद्याच्या पुढं घाट लागतो तो उतरायचा घाट, आणि त्या घाटातल्या खिंडीपाशी आलात की एका अंगाला किल्ल्याची तटबंदी अचानक समोर उभी राहते, बुरुजाबुरुजांसकट. पहिल्यांदा येणारे सगळे इथंच गाडीतून उड्या मारून फोटो काढायला लागतात, वळणावर, रस्त्याच्या मधोमध. तेवढं करू नका, घाट अरुंद आहे आणि वरून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही.

या भूगोलाचा तुम्हाला फायदा काय, तर खिंडीपर्यंत गाडीच तुम्हाला उंचीवर आणून सोडते. तिथून किल्ल्याच्या दरवाजापर्यंत सवयीचा माणूस अर्ध्या तासात जातो. खाली वेताळवाडी गावातून सुद्धा वाट आहे, ती जास्त चढाची, चांगला तास-सव्वा तास घाम काढणारी. नेहमीची ट्रेकची मंडळी असतील तर मी सांगतो खिंडीतून चढा, किल्ला आडवा पार करा आणि गावाच्या बाजूला उतरा, ड्रायव्हरला गाडी घेऊन खाली गावात थांबायला सांगा, म्हणजे आख्खा किल्ला बघून होतो आणि त्याच वाटेनं परतायचा कंटाळा नाही. पण तुमच्या ग्रुपला हे नको. गावाकडच्या उतारावर सुटा मुरूम आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला चढ नाही, उतार मारतो. तुम्ही खिंडीतून वर आणि खिंडीतच परत. अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास, तास धरा.

वेळेचा एक पुस्तकी हिशोब आहे, नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं १८९२ मध्ये मांडलेला: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. डोंगरात फिरणारे अजून तोच वापरतात. पण तो तब्येतीनं ठणठणीत, न थांबता चालणाऱ्या माणसाचा हिशोब आहे, त्यात पोराच्या बुटात खडा जाणं नाही, सेल्फी नाही, "थांबा जरा पाणी पिते" नाही. घरचा ग्रुप असला की मी सरळ दुप्पट करतो. आणि ग्रुपचा वेग म्हणजे सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा वेग, म्हणून तुमच्याकडं सासूबाई पुढून दुसऱ्या नंबरवर पाहिजेत, शेवटी नाही. शेवटी ठेवलं की काय होतं, पुढचे थांबून दम खातात, म्हातारं माणूस धापा टाकत पोचलं की हे लगेच उठून चालायला लागतात, म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त दम खायची गरज आहे त्यालाच तो मिळत नाही. पुढं एक वाट दाखवणारा, मागं एक जबाबदार माणूस, पोरं मधी. १३ वर्षांचा जो आहे त्याला पुढं पळायचं असणार, त्याला पुढच्या माणसाच्या पाठीला लावून द्या, त्याच्या पुढं जायचं नाही एवढा एकच नियम.

आता सीझन. सगळे विचारतात पावसाळ्यात जाऊ ना, हिरवंगार असतंय. हिरवं असतंच, जवळच्या रुद्रेश्वर लेण्यापाशी धबधबा सुद्धा असतो. पण तुम्हाला धरण बघायचंय, आणि आपल्याकडची धरणं जुलैत भरत नाहीत. मराठवाड्यातल्या माणसाला हे काय सांगायचं, आपण दरवर्षी परतीच्या पावसाकडं डोळे लावून बसतो. जुलै-ऑगस्टात वरून बघितलं की बऱ्याचदा मधी थोडं गढूळ पाणी आणि चारी बाजूला मातीचा पट्टा दिसतो, त्यात ढग खाली आले तर तेही नाही. सप्टेंबरच्या शेवटी पाणी वर चढलेलं असतं, हवा धुऊन निघालेली असते, लांबपर्यंत खानदेशाची सपाटी दिसते. म्हणून ऑक्टोबर दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ माझ्या मते सगळ्यात चांगला. जानेवारी-फेब्रुवारीत चालायला मजा येते पण सकाळी धुरकट असतं. मार्चपासून पाणी मागं सरकायला लागतं आणि दगड तापायला लागतात, एप्रिल-मेमध्ये पोरं आणि म्हाताऱ्यांना घेऊन जायचं नावसुद्धा काढू नका, किल्ल्यावर सावली फार कमी आहे आणि काळा दगड संध्याकाळपर्यंत भाजत राहतो.

ऑक्टोबरात एकच त्रास, कुसळं. गवत वाळून कमरेपर्यंत आलेलं असतं आणि मोजे, पँट सगळं कुसळांनी भरून जातं, पोरं रडकुंडीला येतात. जाड कापडाची फुल पँट घाला, मोजे पँटच्या आत नको, पँट मोज्यांच्या आत खोचा, दिसायला वेडं दिसतं पण चालतं. त्याच गवतात पायऱ्या आणि दगड लपलेले असतात, म्हणून काठी हातात पाहिजे, पाऊल टाकायच्या आधी काठी आपटत चाला. त्यानं दोन कामं होतात, खड्डा कळतो आणि साप असला तर तो हादऱ्यानं बाजूला होतो.

सापाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपले मुख्य चार विषारी. अशा दगडधोंड्याच्या जागेत फुरशाची शक्यता धरून चालायचं, ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं, आणि माणूस आला म्हणून फार पळत नाही. म्हणून न बघता कपारीत हात घालायचा नाही, दगड उलटे करायचे नाहीत, बसताना आधी जागा बघायची. चावलाच तर चिरा मारणं, तोंडानं ओढणं, करकचून दोरी बांधणं यातलं काहीच करायचं नाही. चावलेला पाय काठीला ढिला बांधून हलू द्यायचा नाही, माणसाला चालवत न आणता उचलून खाली आणायचं, अंगठी-पैंजण-जोडवी काढून टाकायची कारण सूज येते, आणि १०८ ला फोन लावून सरळ दवाखान्याकडं. खाली सोयगावला ग्रामीण रुग्णालय, वर सिल्लोडला उपजिल्हा रुग्णालय, मोठं काही असेल तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. कुठल्या बाजूला जायचं हे तुमची गाडी कुठं उभी आहे त्यावर ठरतं, म्हणून हे घरीच बोलून ठेवा. आणि मांत्रिकाकडं न्या म्हणणारा एखादा भेटतोच, त्याला हात जोडायचे आणि पुढं निघायचं.

खरं सांगू का, मला या डोंगरात सापापेक्षा आग्या मोहोळाची जास्त धास्ती वाटते. साप एकाला चावतो, आग्या मोहोळ उठलं तर आख्ख्या ग्रुपवर येतं. कड्यांच्या खाली, जुन्या कमानींच्या आतल्या अंगाला, मोठ्या झाडांना ही मोहोळं असतात, लांबून काळा टवका लटकल्यासारखा दिसतो आणि जवळ गेलं की तो टवका हलतो, वरून खाली एक लाट गेल्यासारखी. ती लाट दिसली म्हणजे माशांनी तुम्हाला बघितलंय, तिथून आवाज न करता मागं फिरायचं. एका ग्रुपचं बघितलंय, कमानीत सावलीला बसले, घाम आला म्हणून एकानं बॅगेतून डिओ काढून फस्स करून मारला, आणि दोन मिनिटांत पंधरा जण टॉवेल डोक्यावर घेऊन गवतातून पळायलेत, चपला एकीकडं, डबे एकीकडं. नशीब की मोहोळ लहान होतं. म्हणून नियम: त्या दिवशी सेंट, डिओ, सुवासिक तेल काहीच नाही. वर शेकोटी नाही, बिडी-सिगारेट नाही, पोरांनी दगड मारायचा नाही, आणि ड्रोन कुणी आणला असेल तर आधी सगळीकडं नजर फिरवल्याशिवाय उडवायचा नाही. कुठल्याही कमानीत शिरताना आधी वर बघा, मग आत जा. उठल्याच तर तोंड-डोळे झाकून लांब पळत सुटायचं, हातवारे करत एका जागी उभं राहायचं नाही. काटा राहिला असेल तर नखानं नाहीतर कार्डानं खरवडून लगेच काढा, काढायला जितका वेळ लावाल तितकं विष आत जातं. खूप ठिकाणी चावल्या असतील, किंवा श्वास लागायला लागला, ओठ सुजले, चक्कर आली तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना.

वर गेल्यावर काय काय बघाल. दरवाजा भारी आहे, दोन बुरुजांच्या मधी, वर शरभाचं शिल्प कोरलेलंय, पोरांना ते शोधायला लावा, दोन मिनिटं म्हाताऱ्या माणसाला दम खायला मिळतात. आत तटबंदी, धान्याचं कोठार, पाण्याची टाकी, पडके वाडे असं बरंच काही आहे. किल्ला लांबट आहे आणि धरण दिसायची जागा उत्तरेच्या टोकाला आहे, म्हणजे दरवाजात पोचलात म्हणजे काम झालं असं नाही, आत अजून चालायचंय. टाक्यांपाशी पोरांचे हात धरा. काठावर कठडा नाही, कडेला गवत वाढलेलं असतं आणि काठ नेमका कुठं संपतो ते कळत नाही. मी तर लहान पोरं असली की टाक्याच्या काठावर जायचंच नाही असं सांगतो, लांबूनच दाखवायचं.

मग ती जागा. उत्तरेच्या टोकाला कमानींची एक इमारत उरलीय, कुणी तिला हवामहल म्हणतं, कुणी बारादरी. तिच्या कमानीतून खाली बघितलं की सरळ खाली वेताळवाडी गाव, त्याच्या बाजूला धरणाचं पाणी, त्याच्यापुढं सोयगावच्या बाजूची शेतं. आता एक बारीक गोष्ट जी फोटोवाल्यांना कामाची आहे. इथं तुमचं तोंड उत्तरेला असतं आणि थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, म्हणजे तो तुमच्या पाठीमागं. त्यामुळं पहाटे पोचलंच पाहिजे, सूर्योदय गाठलाच पाहिजे असली काही घाई नाही. सकाळी साडेदहा-अकराला उलट बरं दिसतं, दरीतला धूर उठून गेलेला असतो आणि पाण्याचा रंग नीट कळतो. काही जण सनसेटसाठी थांबतात, मला ते पटत नाही, पश्चिम बाजूला फार काही उघडं नाही आणि सनसेट बघितला म्हणजे अंधारात उतरणं आलंच. नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडं पावणेसहाला सूर्य बुडतो, ऑगस्टात सातच्या जवळपास, हा सव्वा तासाचा फरक लोकं विसरतात. पावसाळ्यात कुणीतरी साडेपाचला खाली आरामात उतरलेलं असतं आणि त्याच अनुभवावर डिसेंबरात जातात.

म्हणून तुमचा दिवस मी उलटीकडून लावतो. घाट आणि हळद्याचा रस्ता उजेडात पार झाला पाहिजे, म्हणजे चार वाजेपर्यंत गाडी हललेली पाहिजे. त्याच्या आधी तासभर राखीव, कारण कुणाचा तरी पाय मुरगळतो, कुणाचा तरी फोन वर राहतो. म्हणजे तीनला सगळे गाडीपाशी. वरच्या टोकापासून गाडीपर्यंत तुमच्या ग्रुपला दीड-दोन तास धरले तर एक वाजता तिथून उठायचं. एक म्हणजे एक. समजा उशीर झाला आणि एक वाजला तेव्हा तुम्ही किल्ल्याच्या मधीच आहात, समोर टोक दिसायलंय, तरी तिथून मागं फिरायचं. हे आदल्या रात्री सगळ्यांसमोर बोलून ठेवा, वर गेल्यावर बोललात तर भांडणं होतात, "एवढ्या लांबून आलोय, आता पाचच मिनिटं" असं कुणीतरी म्हणतंच आणि मग पाच मिनिटांचा तास होतो.

पुढून बघितलं तर, जालन्यातून साडेपाचला निघा, भोकरदन-सिल्लोडमार्गे. रस्त्याची कामं, ट्रॅक्टर, उसाच्या नाहीतर कापसाच्या गाड्या हे सगळं धरून खिंडीपर्यंत नाश्त्यासकट साडेतीन तास ठेवा. नाश्ता सिल्लोडला नाहीतर गोळेगावला करून घ्या, आणि बायकांनी बाथरूमचं सुद्धा तिथंच उरकून घ्या, वर काहीच सोय नाही, हे कुणी आधी सांगत नाही आणि मग बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं. नऊला चढायला सुरुवात, दहापर्यंत दरवाजा, रमतगमत साडेअकरापर्यंत टोक, तिथं आधी वर मोहोळ नाही बघून सावलीला बसून जेवण, एकला उठणं.

पाणी माणशी तीन लिटर, पोरांना दोन. जड होतं म्हणून लोकं एकच बाटली घेतात आणि वर टाक्यातलं पिऊ म्हणतात. टाक्यातलं पाणी पिऊ नका, शेवाळलेलं असतं, वानरं पितात, लोकं हात-पाय धुतात. दोन बाटल्यांत लिंबू-मीठ-साखर घाला, दोन-तीन ओआरएसची पाकिटं टाका. जेवणाला माझं मत विचाराल तर धपाटे आणि दही नको, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दही सांडतं, आंबतं. दशम्या, गूळ-शेंगदाणे, एखादी काकडी, झालं. भाकरी-ठेचा पण चालतो पण सिल्लोडची मिरची घालून केलेला ठेचा उन्हात खाल्ला की तीन लिटर पाणी दोन तासांत संपतं. पुड्या, प्लास्टिकच्या पिशव्या हातात घेऊन फिरू नका, वानरं पिशवीचा आवाज ओळखतात, आणि हातातून ओढताना नख लागलं तर रेबीजच्या इंजेक्शनांसाठी फेऱ्या मारत बसा. कचरा गाडीत परत.

बूट. महागाचे पाहिजेत असं काही नाही, आपले ते साधे अ‍ॅक्शनचे ट्रेकिंगचे बूट मिळतात ते पुरतात. सपाट घासलेल्या सोलचे स्पोर्ट्स शूज मात्र नको, त्यापेक्षा मागं पट्टा असलेली सँडल बरी. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. सासूबाई साडीतच येणार असतील तर येऊ द्या, आपल्या आया-आज्या नऊवारीत डोंगर चढल्यात, फक्त पायात स्लिपर नको आणि हातात काठी पाहिजे, नी-कॅप उतरताना घालायची.

नेटवर्क घाटात येतं-जातं. लाइव्ह लोकेशनच्या भरवशावर दोन गाड्यांची चुकामूक झालेली मी बघितलीय. मॅप घरी वायफायवर डाउनलोड करून घ्या, आणि चुकामूक झालीच तर कुठं भेटायचं ती एक जागा आधीच ठरवा, मी खिंडच ठरवतो, कारण ती कुणालाही विचारली तरी कळते. घरी कुणालातरी सांगून ठेवा की आम्ही अमुक ठिकाणी चाललोय, संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर ड्रायव्हरला लावा, त्यालाही नाही लागला तर ११२.

आकाशाकडं लक्ष ठेवायचं ते मात्र फार मनावर घ्या, विशेषतः ऑक्टोबर पहिल्या पंधरवड्यात जाणार असाल तर. मराठवाड्यात वीज पडून माणसं आणि जनावरं मरतात ती भर पावसाळ्यात कमी, जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात जास्त, आणि बहुतेक दुपारनंतर. सकाळी आभाळ निळंशार असतं, दुपारी दोन-अडीचला एका कोपऱ्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वर वर चढायला लागतो, चारला कडकडाट. एकला उठायचं म्हणतो त्याचं हे दुसरं कारण. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, तुमच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात वीज असेल तर दाखवतं, ते टाकून घ्या, पण नेटवर्क नसलं की तेही गप्प. तेव्हा वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच उंच जागा सोडा. बुरूज, तट, एकटं झाड, कमानीची पडकी इमारत यातलं काहीच सुरक्षित नाही. काचा वर केलेली गाडी सुरक्षित आहे. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास जाऊ द्यायचा.

आणि आता धरण, ज्याच्यासाठी तुम्ही चाललाय. वरून बघून झालं की खाली उतरून पाण्याजवळ जायचा मोह होतो, पोरं तर मागंच लागतात. गाडीनं घाट उतरून जाता येतं, वेळ असेल तर जा, बांधावरून बघा. पण पाण्यात पाय घालायचे नाहीत. पाणी मागं सरकतं तेव्हा काठावरचा गाळ वरून वाळून भेगाळलेला दिसतो, एकदम टणक, शेतातल्या काळ्या रानासारखा. वरचं दोन बोटं कवच वाळलेलं असतं, खाली लोणी. पहिलं पाऊल टिकतं, दुसरं टिकतं, तिसऱ्याला माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि पाय ओढायला गेलं की दुसरा पाय आणखी खाली. मोठा माणूस चिखलात माखून बाहेर येईल, पोरगं घाबरून पाण्याच्या बाजूला पडलं तर कुणी आत जायचं? शिवाय धरणाचा तळ विहिरीसारखा सरळ नसतो, जुने नाले, खाणीसारखे खड्डे पाण्याखाली असतात, गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढं आणि डोक्यावर पाणी. पोहता येणाऱ्यांचेच जास्त घोळ होतात. कुणी पडलंच तर मागं उडी मारायची नाही, दोरी, ओढणी, साडी, काठी जे असेल ते फेकायचं.

एका दिवसात अजिंठा लेणी पण करून घेऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नको. एक तर सोमवारी लेणी बंद असतात हे विसरून लोकं जातात, आणि दुसरं म्हणजे लेण्याला स्वतःचा आख्खा दिवस लागतो. जवळच जंजाळ्याचा किल्ला आणि घटोत्कच लेणी आहेत, तिथं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं ज्यानं करवलं तोच हा, पण ती सुद्धा वेगळ्या दिवसाची गोष्ट. फार तर, दोनलाच खाली आलात आणि सगळे ताजेतवाने असतील तर रुद्रेश्वर. कुणी एकानं जरी "राहू द्या" म्हटलं तर राहू द्या.

सासूबाईंचं कसं ठरवायचं. आठ दिवस आधी त्यांना घेऊन एखाद्या जिन्यावर चार मजले चढ-उतार करून बघा, सावकाश. उतरताना गुडघा दुखला, दुसऱ्या दिवशी सुजला, तर वेताळवाडी नको. मग सगळ्यांनीच खुलताबादजवळ सुलीभंजनला जा. दत्ताचं देऊळ आहे, संत एकनाथांनी तिथं अनुष्ठान केलं अशी श्रद्धा आहे, गाडी वरपर्यंत जाते आणि डोंगरावरून परियों का तालाब दिसतो. पोरांना थोडं चालायला मिळतं, सासूबाईंना देवळात बसता येतं. त्यांना एकटीला गाडीत ड्रायव्हरसोबत चार तास खिंडीत बसवून बाकीचे वर जाणार असला प्लॅन करू नका, तिथं ना सावली ना चहाची टपरी.

गाडी आठ जणांना क्रुझर घ्या, दोन लहान गाड्या नको, इंधनही वाचतं आणि चुकामूकही होत नाही. ड्रायव्हर हळद्याचा घाट माहीत असलेला बघा, आणि त्याला आदल्या रात्री परत फोन करून साडेपाच म्हणजे साडेपाच सांगा, नाहीतर तो सहाला डिझेल भरायला जातो आणि माझा वरचा सगळा हिशोब तिथंच अर्ध्या तासानं बोंबलतो.